भूर जायचंय, पण किती लांब?

दिवाळी उरकली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. तोवर सर्दी, खाण्याची तक्रार, हट्ट. नोव्हेंबर लागला की सहल. या वेळची बहुतेक पत्रं दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरांतून आली आहेत. ठाण्यात एकतीस वर्षं बालवाडीत शिकवलं, दोन मुली वाढवल्या आणि आता दोन वर्षांच्या नातवाला घेऊन मी महिन्यातून दोनदा तरी भूर जाते. त्या अनुभवातून उत्तरं देते आहे.

प्रश्न : बाई, माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो, ह्यांना रविवारचीच सुट्टी. गेल्या महिन्यात गाडी करून लोणावळ्याला गेलो. भुशी डॅम, टायगर पॉइंट, कार्ल्याची लेणी असं सगळं एका दिवसात ठरवलं होतं. अकरापर्यंत मुलगा छान होता. मग जो रडायला लागला तो परत येईपर्यंत. कार्ल्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं भांडलो. सासूबाई म्हणतात, चार वर्षांचा होईस्तोवर कुठे नेऊच नका. खरंच घरी बसायचं का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही, घरी बसू नका. पण तुमचा दिवस नेमका कुठे बिघडला ते आधी पाहू.

१९९४ साली थोरल्या मुलीला आम्ही महाबळेश्वरला नेलं होतं. ती दोन वर्षांची. टॅक्सीवाल्याने एका दिवसात सात पॉइंट दाखवतो म्हटलं आणि आम्ही हो म्हटलं. आर्थर सीटला पोचलो तेव्हा ती गाडीत गाढ झोपलेली. दरी दाखवायची म्हणून मी तिला उठवलं. त्यानंतर वेण्णा लेकपर्यंत ती रडत होती, घसा बसला तिचा. दुसऱ्या दिवशी ह्यांचं पोट बिघडलं म्हणून आम्ही कुठेच गेलो नाही. खोलीच्या मागे अंगणात एक गळका नळ होता. मुलगी एक स्टीलची वाटी घेऊन त्या नळाखाली बसली. वाटी भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. खाली तांबडा चिखल झाला, त्यात हात घातले, पाय घातले. दीड तास! मी पायरीवर बसून चहा प्यायले. तिची सहल त्या नळापाशी झाली, हे मला त्या दिवशी कळलं.

वीस महिन्यांचं मूल बहुधा दिवसातून एकदाच झोपतं, दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला, दीड-दोन तास. अकरा वाजता त्याला भूक आणि पेंग एकदम यायला लागते. तुमचा मुलगा अकराला रडायला लागला तो हट्टाने नव्हे, त्याच्या शरीराने त्याची वेळ सांगितली. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या पॉइंटकडे निघालात. दिवस बांधायचा तो या झोपेभोवती. सकाळी सहा-साडेसहाला त्याला झोपेतच उचलून निघायचं, प्रवास एका बाजूने दीड तासाच्या आत, ठिकाण एकच. साडेदहा-पावणेअकराला भात भरवायचा आणि झोपेच्या वेळी परतीच्या गाडीत बसायचं. दोनला घरी. उरलेली दुपार तुम्हा दोघांना मिळते, तीही सुट्टीच आहे.

डोंबिवलीहून पहिल्यांदा अंबरनाथला जा. लोकलने थोडक्यात पोचता. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. गाभारा मंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. या वयाच्या मुलाला पायरी म्हणजे केवढं मोठं काम! चढेल, उतरेल, पुन्हा चढेल. चढू द्या; तुम्ही फक्त एक पायरी खाली उभ्या राहा. कोरीव भिंती तुम्ही बघून घ्या, त्याला मुंग्या बघू द्या. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला मात्र तिकडे फिरकू नका, गर्दी लोटते.

ते जमलं की राणीबाग. फास्ट लोकलने भायखळा, तासाभराचा प्रवास. बुधवारी बाग बंद असते, तुमचा रविवार असल्याने तो प्रश्न नाही; पण रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून ठेवा. मुख्य मार्गावर तो बहुधा अकराच्या सुमाराला सुरू होतो, म्हणजे नेमका तुमच्या परतीच्या वेळेला. पेंग्विन बघायला रांग असेल तर सोडून द्या. लोकलची झुकझुकगाडी, पाण्यातला पाणघोडा आणि झाडाखाली वेचलेली पानं एवढ्यावर त्याची सकाळ भरते. आणि लोणावळ्याला पुन्हा गेलात तर कार्ला एके कार्ला.

सासूबाईंना पुढच्या खेपेला बरोबर न्या. त्यांनी तो रडका दिवस ऐकलाय. हसरा दिवस पाहू देत.

प्रश्न : बाई, आम्ही पुण्याचे. मुलगी बावीस महिन्यांची. डिसेंबरात दोन रात्री अलिबागकडे जायचं आहे. मागे एकदा समुद्रावर गेलो तेव्हा पाणी अगदी पायरीपर्यंत आलेलं होतं, वाळूच नव्हती. तिच्या बाबांनी तिला लाटेत उभं केलं तर ती इतकी घाबरली की आता बादलीतल्या पाण्यालाही भिते. समुद्रावर कोणत्या वेळी न्यावं? भीती कशी घालवावी?
— एक आई, कोथरूड

उत्तर : समुद्राची वेळ घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते. कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या एक हिशेब करत आली आहेत, तो शिकून घ्या. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधरा धरायचे. भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण लहान मुलाचा बेत ठरवायला एवढं पुरतं. गेल्या वेळी तुम्ही भर भरतीला पोचला होतात, दुसरं काही नाही.

तुमच्या मुलीसाठी दोन वेळा चांगल्या. सकाळची हवी असेल तर चतुर्थी-पंचमी; आठ ते दहा वाळू मोकळी आणि ऊन कोवळं. संध्याकाळची हवी असेल तर त्रयोदशीपासून पौर्णिमा-अमावस्येपर्यंत; साडेचारनंतर पाणी लांब गेलेलं असतं. भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि त्याप्रमाणे शनिवार-रविवार निवडा. एक लक्षात ठेवा, पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी आत जातं तेही खूप आणि येतं तेही जोराने. अष्टमीच्या आसपास भांग, समुद्र त्यातल्या त्यात शांत. पण तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी सहाला येते.

ओहोटी लागली की वाळूत घोटाभर पाण्याची डबकी उरतात. लाट नाही, आवाज नाही, ऊबदार पाणी. भीती तिथे जाते. तिला डबक्याच्या काठावर बसवा आणि तुम्ही स्वतः पाण्यात हात घाला. तिला बोलावू नका. बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, ती दाखवा. पहिल्या दिवशी ती मांडीवरून उतरलीच नाही तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी बोट बुडवेल. तिच्या बाबांना माझा निरोप सांगा : धरून पाण्यात उभं करायचं नाही, एकदाही नाही. भीती मोडत नसते, ती मुलाच्या पायांनी मागे सरते.

पुण्याहून खोपोली, पेण करत साडेतीन तास तरी धरा. पहाटे निघा आणि खोपोलीला अर्धा तास उतरून तिला पळू द्या. राहायला किहीम, वरसोली, नागाव, आक्षी यांपैकी कुठेही, पण किनारा चालत पाच मिनिटांवर हवा, म्हणजे झोप आली की उचलून खोलीवर. किहीमला गेलात तर नारळी-पोफळीच्या वाड्यांजवळ सुगरणीची घरटी दिसतात का बघा. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास किहीमलाच केला होता. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, तरी या खेपेला जाऊ नका. मूल कडेवर, पाणी फिरायची वेळ आणि शेवाळलेले दगड, हे तिन्ही एकत्र नकोत. किल्ला तुमची वाट बघेल.

वाळू तोंडात जाणारच. रागावू नका, ओल्या पंचाने तोंड पुसा आणि हातात दुसरं काहीतरी द्या.

प्रश्न : माझी नात अडीच वर्षांची आहे. मी तिला शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगतो. या सुट्टीत रायगड दाखवायचा आहे. मुलगा म्हणतो, बाबा, एवढ्यात नको. साताऱ्याहून एका दिवसात जाऊन येता येईल का? आपला सल्ला हवा.
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आपली इच्छा वाचून फार बरं वाटलं. न्या, पण एका दिवसात नको. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड हा सगळा वळणांचा रस्ता. दोन वर्षांच्या आत मुलांना गाडी सहसा लागत नाही, पण दोन ते बारा या वयात ती सर्वांत जास्त लागते. आपली नात आत्ताच त्या वयात शिरली आहे. पहिल्या दिवशी महाडला किंवा पाचाडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी गड, दुपारी तिची झोप, मग परत. घाटाआधी दूध पाजू नका, पोट रिकामंही ठेवू नका. कोरडी पोळी किंवा भाकरीचा तुकडा द्यावा. हातात मोबाइल नको, नजर लांब डोंगरावर हवी. अर्ध्या-पाऊण तासाने थांबा. उलटीचं औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, तेव्हा नकोच.

गाडीत ती आजीच्या मांडीवर बसेल असं आपण लिहिलं नाहीत, पण बहुतेक घरांत तसंच होतं म्हणून सांगते. करकचून ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेलं मूल हातातून सुटतं. मागच्या सीटवर तिच्या वजनाचं बालआसन बांधून घ्या. कायदाही तेच सांगतो. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

गड चढायला चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या आपण दोघांनीही टाळा. रोपवेने चार-पाच मिनिटांत वर जाता येतं. रोपवे जिथून सुटतो त्या वाडीचं नाव हिरकणीवाडी. तिथेच बसून तिला हिरकणीची गोष्ट सांगा : गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांजेला बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेलं तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरलेली आई. अडीच वर्षांच्या मुलीला राज्याभिषेक कळणार नाही, पण ‘आई बाळाकडे आली’ हे तिला पुरतं कळेल. वर सावली कमी आहे, म्हणून रोपवेच्या पहिल्या पाळीतच वर जा. होळीचा माळ आणि बाजारपेठेचे चौथरे तिला पळायला पुरे. जगदीश्वरापर्यंत जाण्याचा हट्ट आपण धरू नये. मुलाने तिला सावलीत सांभाळावं आणि आपण समाधीचं दर्शन घेऊन यावं. ६ जूनच्या आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच्या आसपास गडावर मोठी गर्दी असते, त्या तारखा सोडा. वारा फार असला की रोपवे थांबवतात, तेव्हा एखादा तास हाताशी ठेवा.

प्रश्न : सोळा महिन्यांच्या बाळाला घेऊन स्कूटरवरून ६० किलोमीटरवर माहेरी जायचं आहे. मध्ये बसवून ओढणीने बांधलं तर चालेल ना?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही, अजिबात नाही. ओढणी पडताना मुलाला वाचवत नाही आणि चाकात गेली तर सगळ्यांचा जीव घेते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर चालवणाऱ्याला बांधायचा सुरक्षा पट्टा, मुलाच्या डोक्याला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. तरीही ६० किलोमीटर मी जाऊ देणार नाही. एसटीने जा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, तुम्हाला अर्धं. मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, तिथे बाळाला निवांत पाजता येतं. कुलूप असेल तर नियंत्रकाकडे किल्ली मागा, संकोच करू नका.

प्रश्न : बाई, हे पत्र मी रात्री साडेअकराला लिहितेय. आम्ही सासरची नऊ माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून तीन दिवस कोकणात जाऊन आलो. माझा मुलगा दोन वर्षांचा. तीन दिवस मी त्याचं खाणं, शी-शू, झोप, कपडे, औषध हेच केलं. सगळे समुद्रात गेले तेव्हा मी खोलीत, कारण तो झोपला होता. सगळे रात्री गप्पा मारत होते तेव्हा मी आत, कारण तो झोपत नव्हता. फोटोंत मी कुठेच नाही. नवऱ्याला बोलले तर म्हणाले, मग आलीस कशाला? पुढच्या महिन्यात पुन्हा बेत चाललाय. मला नाही जायचं. मी चुकतेय का?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुम्ही चुकत नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गलबलून आलं. हे उत्तर तुमच्या यजमानांनाही वाचायला द्या, कारण अर्धं त्यांच्यासाठी आहे.

सहलीत आईची कामं कमी होत नाहीत, वाढतात. घरी ओटा, बाथरूम, पाळणा सगळं हाताखाली असतं. परक्या खोलीत गरम पाण्यापासून शोधाशोध. म्हणून कामं वाटून घेऊ नका, वेळ वाटून घ्या. ‘जरा बघशील का त्याला’ असं म्हटलं की बाबा पाच मिनिटं बघतात आणि डायपर कुठे आहे विचारायला परत येतात. त्याऐवजी निघण्याआधी ठरवा : सकाळी सहा ते दहा बाबा, दहा ते दोन आई, दुपारच्या झोपेला आजी जवळ पडतील, रात्रीची झोप एक दिवस बाबांकडे, एक दिवस आईकडे. ज्याची पाळी त्याच्याकडे सगळं, शी धुण्यासकट. उरलेल्या वेळात तुम्ही समुद्रात जा, झोपा, काहीही करा, पण खोलीपासून लांब. जवळ असलात तर मूल तुमच्याकडेच येईल आणि बाबांना शिकायला मिळणार नाही.

आणि पिशवी बाबांनी भरायची. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझ्या थोरल्या मुलीच्या घरात याच एका गोष्टीने फरक पडला. जो भरतो त्याला माहीत असतं काय कुठे आहे. जावई पहिल्या खेपेला टॉवेल विसरला, दुसऱ्या खेपेला काही विसरला नाही. दोन जोड जास्तीचे कपडे, एक जुनं दुपटं, टोपी, तापाचं औषध आणि त्याचा डॉक्टरांनी लिहिलेला डोस, नखकात्री, रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या चार, त्याच्या रोजच्या उशीची खोळ. ती खोळ न धुता न्यायची. परक्या खोलीत घरचा वास आला की मूल लवकर झोपतं.

यजमानांना एवढंच सांगते : तुम्ही पत्नीला मदत करायची नाहीये. मूल तुमचं आहे, ते तुम्ही सांभाळायचं आहे. मुलगा बाबांच्या खांद्यावर झोपायला शिकला की तुम्हालाही ते हवंसं वाटेल, हे मी शेकडो बापांत पाहिलं आहे.

पुढच्या महिन्याच्या बेताला या अटी मान्य असतील तर जा. नसतील तर नाही म्हणा, आणि त्याच्याऐवजी एका सकाळी तुम्ही तिघंच नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या. नाशिकहून तासाभराच्या पुढेमागे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं. थंडीत बाहेरदेशीचे पक्षी येतात आणि जांभळी पाणकोंबडी तर दुर्बिणीशिवाय दिसते, लाल चोचीची, ठसठशीत. गरम कपडे घालून उजाडता पोचा आणि दहाला निघा. फोटो यजमानांनी काढायचे.

प्रश्न : सून नातवाला बाहेरचं काही खाऊ देत नाही, नुसती बिस्किटं आणि पाकिटातलं देते. आम्ही हुरड्याला शेतावर जाणार आहोत. नातू सव्वादोन वर्षांचा. त्याला हुरडा, शेंगा, द्राक्षं द्यायची की नाहीत?
— एक आजी, बार्शी

उत्तर : वहिनी, सुनेची काळजी खरी आहे, फक्त ती बिस्किटांवर विसावली आहे. तुमच्या हाताला जे येतं ते डब्यात भरा : मेतकूट-तूप-भात, मऊ घावन, गूळ घालून दशमी, उकडलेलं रताळं, केळं. सहा-सात तास टिकणारं आणि त्याच्या ओळखीचं. शेतावर गरम भाकरी आणि ताजं दही असेल तर तेही द्या; समोर झालेलं आणि वाफाळतं अन्न सहसा बाधत नाही. बाधतं ते उघडं ठेवलेलं आणि पाणी. पाणी घरचंच न्या, उसाच्या रसातला बर्फ नको.

हुरडा मात्र आख्खा देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, हुरड्याचे कोवळे दाणे, आख्खं द्राक्ष, हे सगळं या वयात श्वासनलिकेत अडकणारं. मुलं चावत नाहीत, हसता-पळता गिळतात. हुरडा वाटून किंवा चांगला ठेचून चिमूटभर, शेंगदाण्याचा कूट चालेल, द्राक्ष उभं चार फोडी करून. आणि खाताना मूल बसलेलं हवं. शेतात पळत्या नातवाच्या तोंडात घास भरू नका, प्रेमाने आपण सगळ्याच आज्या ते करतो.

जुलाब लागले तर पहिलं औषध पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमच्या-चमच्याने पाजत राहायचं. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाइतक्या पाण्यात ते पूर्ण ओता. पाकिटातलं थोडं पेल्यात घालून उरलेलं गुंडाळून ठेवायची पद्धत चुकीची आहे, मिठाचं प्रमाण बिघडतं. सहा तास शू झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. एवढा खर्च करून नेलं तरी तिच्या काहीच लक्षात राहणार नाही. मग मोठी झाल्यावर नेलेलं बरं नाही का?
— एक बाबा, कोल्हापूर

उत्तर : ठिकाणाचं नाव लक्षात राहणार नाही, हे खरं. पण पुढचे दोन-तीन आठवडे बघत राहा. माझ्या नातवाने केळव्याला मासेमारीच्या होड्या पाहिल्या आणि घरी आल्यावर महिनाभर पाट उलटा करून त्यात बसला. ‘होडी’, ‘जाळं’, ‘वल्हव’ हे तीन शब्द त्याला तिथे मिळाले, आजही त्याच्या तोंडी आहेत. खर्चाचं म्हणाल तर तो करूच नका. तुमच्या गावात रंकाळा आहे, पंचगंगेचा घाट आहे. संध्याकाळी गंगावेशीला दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तिथे तिला धार काढताना दाखवा. ते दूध तिला तिथे पाजू नका. घरी आणा, तिच्यासमोर उकळा आणि मग पेला भरा. हम्मा, धार, उकळी, साय. एका संध्याकाळी एवढं सगळं मिळतं.

प्रश्न : गावच्या जत्रेला जायचं आहे, मुलगा पावणेतीन वर्षांचा आणि फार पळतो. हरवला तर, या विचाराने मला झोप येत नाही.
— एक आई, जालना

उत्तर : धाकटी तीन वर्षांची असताना एका जत्रेत आमच्या हातून सुटली होती. चार मिनिटं. आम्ही चार मोठी माणसं होतो आणि चौघांनाही वाटत होतं, ती दुसऱ्याच्या हातात आहे. ती फुगेवाल्याच्या पायाशी सापडली. ती चार मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढा. भडक रंगाचा सदरा घाला, गर्दीत लांबून दिसतो. त्याच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा आणि सदऱ्याच्या आतल्या बाजूलाही. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली तर मूल जातं. दिसेनासा झाला तर आधी पाण्याकडे आणि रस्त्याकडे धावा, पाळणे आणि खेळणी नंतर. एकाने जागा सोडायची नाही, बाकीच्यांनी शोधायचं. लगेच ११२ला फोन आणि जत्रेच्या मंडपातून पुकारा. रेल्वेत असाल तर १३९.

पण याहून महत्त्वाची गोष्ट बिनखर्चाची आहे. त्या जत्रेनंतर आमच्या घरात एक सवय लागली. मूल एकाकडून दुसऱ्याकडे देताना मोठ्याने म्हणायचं, ‘तुझ्याकडे’. समोरच्याने ‘माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. जत्रेला अजून पंधरा दिवस आहेत. उद्या सकाळी अंगणात, दळणाला जाताना, आंघोळीला जाताना, घरातल्या सगळ्यांनी हे म्हणायला लागा.